बागेतले बारा महिने

वाशीम शहराच्या एका टोकाला आमचे जुने घर आहे. घर कौलारू, पुढे लहानसे अंगण आणि मागे वीस-पंचवीस पावलांत संपणारी बाग. बाग हा शब्द मी जरा भीतभीतच वापरतो. कारण तिच्यात शोभेचे असे फारसे काही नाही. एक जुना कडुनिंब, एक सीताफळ, जास्वंदीची दोन झुडपे, न्हाणीच्या पाण्यावर वाढलेली केळ आणि तिन्ही बाजूंनी मेंदीचे कुंपण, एवढाच तिचा पसारा. वाशीमला येणारे पाहुणे पद्मतीर्थ पाहतात, बालाजीचे देऊळ पाहतात. इतिहासाची आवड असलेला एखादा, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी असलेले वत्सगुल्म ते हेच का, असे विचारतो. आमची बाग पाहायला मात्र कोणी येत नाही. तरीही गेली पस्तीस वर्षे मी तिच्याकडे ज्या उत्सुकतेने पाहत आलो आहे, तितक्या उत्सुकतेने मी दुसरे काहीही पाहिलेले नाही.

याचे कारण म्हणजे माझा कॅमेरा. शिक्षकाची नोकरी लागल्यावर दुसऱ्याच वर्षी मी तो विकत घेतला. तो जुना होता, पट्टा तुटलेला होता, परंतु त्याची काच स्वच्छ होती. त्या काळी कॅमेऱ्यात फीत घालावी लागे आणि एका फितीवर ३६ छायाचित्रे निघत. फीत अकोल्याला धुण्यासाठी पाठवायची आणि आठ-दहा दिवस वाट पाहायची. आजच्यासारखे टिपले की लगेच पाहिले, असे नव्हते. मनात आले तितक्या वेळा कळ दाबणेही खिशाला परवडणारे नव्हते.

पहिली फीत मी दोन दिवसांत संपविली. ती धुऊन आली, तेव्हा आमच्या घरातील सर्व मंडळी मोठ्या कौतुकाने छायाचित्रे पाहण्यास बसली. पहिल्या चित्रात कडुनिंबाची फांदी होती. दुसऱ्यातही फांदीच होती. तिसऱ्यात तिळाएवढा एक काळा ठिपका दिसत होता. तो कोतवाल आहे असे मी सर्वांना पटवून दिले. आई म्हणाली, ‘‘झाडं मात्र बेस निघाली हो!’’

चूक कोठे झाली हे समजण्यास मला वेळ लागला. मी पाखरामागे धावत होतो. पाखरू ज्या फांदीवर बसे, तिच्याकडे मी जाई. मी पोचेपर्यंत ते दुसऱ्या फांदीवर गेलेले असे. पक्ष्याचे चांगले छायाचित्र हवे असेल तर त्याच्याजवळ जावे लागते, आणि माणसाने जवळ यावे हे तर पक्ष्याला मुळीच मान्य नसते.

ही अडचण माझ्या एकट्याची नव्हती. इंग्लंडमध्ये रिचर्ड आणि चेरी कार्टन नावाचे दोन भाऊ होऊन गेले. शेतकऱ्याच्या घरात वाढलेले हे भाऊ १८९२ सालापासून रानातल्या घरट्यांची छायाचित्रे काढू लागले. कॅमेरा मोठ्या पेटीएवढा, त्यातल्या काचा जड आणि पाखरे तर बुजरी. तेव्हा १९०० साली त्यांनी एक युक्ती केली. बैलाचे कातडे लाकडी सांगाड्यावर चढवून त्यांनी एक पोकळ बैल तयार केला आणि तो कुरणात उभा केला. बैलाच्या पोटात एक भाऊ कॅमेरा घेऊन तासन्‌तास उभा राही! पाखरांना बैलाची सवय होतीच. ती निर्धास्तपणे आपल्या उद्योगाला लागत आणि बैल मात्र त्यांची छायाचित्रे टिपी.

या भावांच्या खटाटोपाचे महत्त्व त्या काळची रीत ठाऊक असल्याशिवाय कळायचे नाही. पूर्वी पक्ष्याचा अभ्यास करावयाचा म्हणजे बहुधा बंदूक हाती घ्यावी लागे. आपले थोर पक्षिशास्त्रज्ञ सालिम अली यांचीच गोष्ट पाहा. लहानपणी त्यांनी छर्‍यांच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी कोणती, हे विचारण्यासाठी ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथे पेंढा भरून ठेवलेले शेकडो पक्षी त्यांना दाखविण्यात आले आणि त्या दिवसापासून त्या मुलाच्या आयुष्याला निराळेच वळण लागले. एका चिमणीच्या मृत्यूतून देशाला एक पक्षिशास्त्रज्ञ लाभला खरा. पण कॅमेरा सुधारत गेला, तसे नुसत्या ओळखीसाठी पक्षी मारण्याचे कारण उरले नाही. पुढे आपल्याच देशात चॅम्पियन नावाच्या वनाधिकाऱ्याने वाघाच्या वाटेवर तार बांधून ठेवली. वाघाचा पाय तारेला लागला की लख्ख उजेड पडे आणि वाघ स्वतःच स्वतःचे छायाचित्र काढून घेई! १९२७ साली त्यांचे पुस्तक निघाले, तेव्हा ती छायाचित्रे पाहून लोक थक्क झाले. आज आपल्या देशात वाघांची गणना होते, तीही आपोआप चालणाऱ्या कॅमेऱ्यांच्या मदतीनेच.

बैल तयार करणे मला शक्य नव्हते. म्हणून मी मागच्या खिडकीला गोणपाट लावले, त्याला एक भोक पाडले आणि ज्वारी भरलेल्या पिशवीवर कॅमेरा टेकवून आत बसू लागलो.

वाशीमचा वैशाख ज्याने अनुभवला आहे, त्याला पाण्याचे मोल सांगण्याची गरज नाही. दुपारी वारा सुटला की तो भट्टीतून आल्यासारखा अंगाला लागतो. त्या दिवसांत मी कडुनिंबाच्या सावलीत मातीचे परळ पाण्याने भरून ठेवले. पहिले तीन दिवस एकही पाखरू आले नाही. तेव्हा आईनेच दोष दाखविला. पाखरू एकदम पाण्यावर उतरत नाही. आधी जवळ बसते, चोहोंकडे पाहते, मांजर नाही ना याची खात्री करून घेते. परळाजवळ बसायला जागाच नव्हती! मी सीताफळाची एक वाळकी फांदी तेथे रोवली आणि चौथ्या दिवशी सकाळी तिच्यावर चिमणी येऊन बसली.

त्यानंतर परळाभोवती जो दरबार भरू लागला, तो आजतागायत भरतो आहे. त्या दरबाराचे नियम आहेत. चिमण्या पहाटे येतात. त्यांच्यामागून सातभाई येतात. ते खरोखरच सात असतात असे नाही, पण एकटा भाई मात्र मी कधी पाहिला नाही. एक पाणी पितो, दुसरा पहारा करतो, बाकीचे उगीचच भांडतात. बुलबुल नेहमी जोडीने येतात. डोक्यावर काळी शेंडी आणि शेपटीखाली तांबडा डाग असलेला हा पक्षी पाणी पिण्यापेक्षा अंघोळीत अधिक रमतो. कावळा येतो तो चोचीत भाकरीचा वाळका तुकडा घेऊन. तो तुकडा पाण्यात भिजवितो, मऊ झाला की खातो आणि परळ गढूळ करून निघून जातो. भर दुपारी कोणीच येत नाही. फक्त खार ओलसर मातीवर चारी पाय पसरून, पोट जमिनीला लावून पडलेली असते. प्रथम तिला पाहून मी घाबरलो होतो. पुढे कळले की उष्णता कमी करण्याची तिची ती रीतच आहे.

छायाचित्रासाठी पहिले दोन तास सर्वांत उत्तम. सूर्य खाली असतो, किरण तिरपे येतात आणि पिसाचे पीस वेगळे दिसते. दुपारच्या उन्हात पाखराच्या पाठीवर नुसती पांढरी चकाकी आणि पोटाखाली काळोख दिसतो. आणखी एक गोष्ट मी पुष्कळ फिती वाया घालविल्यावर शिकलो. पाखराचा डोळा स्पष्ट आला पाहिजे. पंख थोडे पुसट आले तरी चालते, पण डोळ्यात उजेडाचा ठिपका नसेल, तर जिवंत पाखरूही पेंढा भरल्यासारखे वाटते.

ज्येष्ठात कोकिळाच्या हाकांनी कडुनिंब दणाणून जातो. गातो तो नर, काळाभोर आणि लाल डोळ्यांचा. मादी तपकिरी रंगाची असून तिच्या अंगभर पांढरे ठिपके असतात. काळ्या पक्ष्याचे छायाचित्र घेणे फार अवघड. मागे उजळ आकाश असले, की कॅमेरा आकाशाच्या उजेडाचा हिशेब करतो आणि पाखरू कोळशासारखे उमटते. म्हणून मी कोकिळ पानांसमोर येण्याची वाट पाहत बसे. अशाच एका सकाळी मला एक विलक्षण दृश्य दिसले. तारेवर एक ठिपकेदार पिलू तोंड वासून बसले होते आणि कावळी त्याच्या चोचीत घास घालीत होती. कोकिळा आपली अंडी कावळ्याच्या घरट्यात घालते, हे मी मुलांना अनेकदा शिकविले होते. स्वतः पाहिले ते त्या दिवशी पहिल्यांदा.

मृगाची सर येते, तेव्हा सगळी बागच बदलते. रात्री डबक्यातून बेडकांचे ओरडणे सुरू होते आणि सकाळी पाहावे, तर कालपर्यंत मातीच्या रंगाचे असलेले मोठे बेडूक हळदीसारखे पिवळेधमक झालेले असतात. हे पिवळे सारे नर. त्याच दिवसांत चातक येतो. आफ्रिकेतून पावसाच्या वाऱ्यांबरोबर येणाऱ्या या पक्ष्याविषयी, तो फक्त पावसाचे थेंब पितो, अशी समजूत आहे. माझ्या छायाचित्रात मात्र त्याच्या चोचीत एक केसाळ सुरवंट आहे. इतर पक्षी ज्या सुरवंटाला चोच लावीत नाहीत, तो चातक आवडीने खातो. कवींचा चातक आणि कुंपणावरचा चातक असे दोन्ही मला प्रिय आहेत. पण छायाचित्र दुसऱ्याचेच निघते.

आता जे सांगावयाचे आहे, ते मी सहसा सांगत नाही.

कॅमेरा घेतल्यानंतरचे ते दुसरे वर्ष होते. आषाढात बुलबुलाच्या जोडीने मेंदीच्या कुंपणात घरटे बांधले. बारीक काड्या आणि गवत गोल वाकवून, कोळ्याच्या जाळ्याने चिकटवून केलेली ती वाटी तळहातावर मावेल एवढीच होती. तिच्यात गुलाबीसर रंगाची, तांबूस ठिपक्यांची तीन अंडी होती. सुमारे दोन आठवड्यांनी त्यांतून पिले बाहेर आली. अंगावर पीस नाही, डोळे मिटलेले आणि चोची मात्र सदैव उघड्या. आईबाप पाळीपाळीने किडे आणीत. मी खिडकीतून हे सर्व पाही आणि तळमळे. कारण घरट्यापुढे पाने होती. छायाचित्रात पिले येत नव्हती, नुसती पानेच येत होती.

एका सकाळी पाऊस थांबला आणि छान कोवळे ऊन पडले. दोन्ही पाखरे घरट्यापासून दूर गेलेली पाहून मी कात्री घेतली आणि मधल्या चार डहाळ्या छाटून टाकल्या. फक्त चारच! घरटे एकदम उजेडात आले. मी खिडकीकडे धावलो. थोड्या वेळाने मादी आली, जरा घुटमळली. पण पिलांच्या ओढीने घरट्याच्या काठावर उतरली. तिन्ही चोची उघडल्या, तिने मान वाकविली आणि मी कळ दाबली. त्या दिवशी मी बारा छायाचित्रे घेतली आणि शाळेत गेलो, तो अगदी आनंदात.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी आलो, तेव्हा आई मागच्या दारात उभी होती. ती म्हणाली, ‘‘काहून तोडल्या रे फांद्या? त्यायचं छप्पर होतं ना ते!’’

मी कुंपणाकडे गेलो. घरटे एका बाजूला कलंडले होते आणि त्यात काहीच नव्हते. आईने भारद्वाजाला कुंपणात शिरताना पाहिले होते. ती काठी घेऊन धावेपर्यंत सर्व आटोपले होते. ज्याचे दर्शन आपण शुभ मानतो, तोच हा पक्षी. त्याला तरी काय म्हणावे? त्याचीही कोठे तरी पिले असतील. वाटेवरून दिसू लागलेले भक्ष्य त्याने घेतले. ते त्याला दिसावे अशी सोय मी केली होती.

संध्याकाळी बुलबुलाची मादी चोचीत हिरवी अळी घेऊन आली. ती छाटलेल्या डहाळीच्या टोकावर बसली, रिकाम्या वाटीकडे पाहून पुन्हा उडाली, पुन्हा आली. अंधार पडेपर्यंत ती अळी तिच्या चोचीतच होती. कॅमेरा खिडकीत तयार होता आणि ऊनही चांगले होते. मी त्याला हात लावला नाही.

आठ दिवसांनी फीत धुऊन आली. ते छायाचित्र माझ्या सर्व छायाचित्रांत उत्तम उतरले होते. पाखराचा डोळा चमकत होता, पिलांच्या गळ्यातला लाल रंगदेखील दिसत होता. ज्याने पाहिले त्याने वाखाणले. शाळेच्या प्रदर्शनात ते लावावे, असा सहकाऱ्यांनी आग्रह धरला. मी ते लावले नाही. मागच्या बाजूला तारीख घातली आणि तिच्याखाली लिहिले, ‘फांद्या मी छाटल्या होत्या.’ मग ते टेबलाच्या खणात ठेवून दिले. त्या वर्षी आषाढापासून आश्विनापर्यंत मी एकही फीत विकत घेतली नाही.

पुढे कॅमेरा पुन्हा हाती घेतला, तो मात्र निराळ्या रीतीने. कात्री घरातच राहू लागली. घरट्याचे छायाचित्र घ्यायचेच झाले तर लांबून आणि जसे दिसेल तसे घ्यायचे. आपल्या येण्याने आईबाप पिलांकडे जाण्यास कचरू लागले, की कॅमेरा उचलून चालते व्हायचे. काही लोक पाखरांच्या ध्वनिमुद्रित हाका वाजवून त्यांना समोर बोलावतात. बिचारे पाखरू, आपल्या हद्दीत कोणी परका शिरला, असे समजून घरटे सोडून भांडायला धावत येते. तसले छायाचित्र मला कोणी दाखविले, की मी ते उलटे करून त्याची मागची बाजू पाहतो.

श्रावण-भाद्रपदात आमच्या बागेपेक्षा शेतावर जाण्यात अधिक मौज असते. एका स्नेह्यांच्या विहिरीवर बाभळीची फांदी वाकलेली आहे आणि तिला दरवर्षी सुगरणींची घरटी लोंबतात. बहिणाबाई चौधरींच्या कवितेमुळे सुगरण घरोघरी पोचली. परंतु लपण, म्हणजे फांद्यांचा आडोसा, करून दोन दिवस बसल्यावर मी जे पाहिले, त्यात घर बांधणारा नरच होता. पिवळ्या डोक्याचा तो कारागीर गवताची लांब पाती फाडून आणतो आणि चोचीने विणतो. घर अर्धे झाले की पंख फडफडवून मादीला बोलावतो. ती येते, आत शिरते, ओढून पाहते आणि पुष्कळदा पसंत न पडून निघून जाते! ते अर्धवट घर तसेच लोंबत राहते आणि नर नवे बांधावयास घेतो. एकाच फांदीवर अशी चार अर्धवट घरे मी मोजली आहेत.

हिवाळ्याची पहिली वर्दी धोबी आणतो. आश्विनाच्या एखाद्या सकाळी अंगणातल्या ओल्या जमिनीवर एक सडपातळ करडा पक्षी शेपटी खालीवर करीत चालताना दिसतो. हिमालयातल्या ओढ्यांवरून तो आलेला असतो. त्याचे पहिले छायाचित्र ज्या दिवशी निघते, ती तारीख मी वहीत नोंदवितो. पस्तीस वर्षांच्या त्या तारखा एकाखाली एक वाचताना मला पंचांग वाचल्यासारखे वाटते.

पौषात थंडी पडली, की पहाटेच एकबुर्जीच्या जलाशयावर जावे. पाण्यावर वाफ तरंगत असते आणि तिच्यातून चक्रवाकांची जोडी केशरी रंगाने उजळून निघते. जवळ जाण्याचा प्रयत्न केला की सारा थवा उठतो. म्हणून मी उजाडण्यापूर्वीच जागेवर बसून राहतो. ही युक्ती पाण्यावर चालते. मोकळ्या माळावर मात्र ती निरुपयोगी ठरते. आपल्या जिल्ह्यात कारंजा-सोहोळ येथे काळविटांसाठी २००० साली अभयारण्य झाले. त्याचे क्षेत्र १८.३२ चौरस किलोमीटर आहे. तेथे गवताळ माळ आहे, लपावयास झाड नाही आणि काळविटाची दृष्टी तर अत्यंत तीक्ष्ण. मी कॅमेरा रोखून सरळ चालू लागलो, की कळप उंच उड्या घेत दिसेनासा होई. तेव्हा बरोबरचा रखवालदार म्हणाला, ‘‘सर, त्यायच्याकडे पाहूच नका. बाजूले पाहा अन् बसून घ्या.’’ आम्ही पाठ फिरवून बसलो. तासाभराने पिंगट रंगाच्या माद्या चरत चरत पुढे आल्या आणि त्यांच्यामागे पिळदार शिंगांचा काळा नर आला. काहीशी मान वळवून मी एकच छायाचित्र घेतले. ते थोडे तिरके आले आहे.

माघ-फाल्गुनात सबंध जिल्ह्यात पळस फुलतो. मध्य आशियाकडून आलेल्या पळसमैनांचे थवे त्या फुलांवर तुटून पडतात आणि फुलांचा तांबडा व पाखरांचा गुलाबी, असे दोन रंग एका झाडावर भांडताना दिसतात. आमच्या बागेत या दिवसांत शिंजीर असतो. जास्वंदीच्या फुलात बाकदार चोच घालून मध पिणारा हा पक्षी अंगठ्याहून थोडाच मोठा. सावलीत काळा दिसतो; ऊन पडले, की जांभळा-निळा झळाळतो. तो रंग पिसात भरलेला नसतो. पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून प्रकाश जसा परततो, तसा तो दिसतो.

या शिंजिराने मला अनेक वर्षे फसविले आणि ती फसवणूक उघडकीस आणली माझ्या भाचीने. ती शिकण्यासाठी आमच्याकडे असते, सातवीत आहे. गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत तिने माझी छायाचित्रे तारखांप्रमाणे लावावयास घेतली. दोन दिवसांनी ती म्हणाली, ‘‘मामा, तुम्ही हे दोन पक्षी वेगळे का ठेवले आहेत?’’ मी म्हणालो, ‘‘एक जांभळा आहे आणि दुसरा पिवळा. वेगळे नकोत का?’’ तिने पाच छायाचित्रे ओळीने मांडली. कार्तिकातले पाखरू पिवळसर होते, फक्त गळ्यापासून पोटापर्यंत एक काळसर रेघ होती. मार्गशीर्षात रेघ रुंद झाली होती. पौषात खांद्यावर जांभळे ठिपके आले होते. माघात अर्धे अंग जांभळे होते आणि फाल्गुनात पिवळा रंग नावालाही उरला नव्हता. विणीचा हंगाम संपला की शिंजिराचा नर आपला झगझगीत पोशाख उतरवितो आणि पुन्हा हंगाम आला की चढवितो. पाचही छायाचित्रे मीच काढलेली. ती वेगवेगळ्या पाकिटांत ठेवून मी दोन पक्ष्यांची नावे लिहिली होती!

यंदाच्या आषाढात बुलबुलांनी पुन्हा मेंदीत घरटे बांधले. भाचीलाच ते प्रथम दिसले. आता फितीची गरज नाही. माझ्या नव्या कॅमेऱ्यात हजारो छायाचित्रे मावतात आणि तो ती लगेच दाखवितो. ती खिडकीत बसली, चार-पाच वेळा कळ दाबून पाहिली आणि माझ्याकडे वळून म्हणाली, ‘‘मामा, नुसती पानेच येताहेत. थोडी बाजूला करू का?’’

मी टेबलाचा खण उघडला आणि ते जुने छायाचित्र तिच्या हाती दिले. ती पुष्कळ वेळ पाहत राहिली. ‘‘किती सुंदर आहे!’’ असे ती म्हणाली. मग तिने ते उलटे केले. मागे लिहिलेले वाचून तिने एकदा कुंपणाकडे पाहिले, एकदा माझ्याकडे पाहिले आणि काही न विचारता ते पुन्हा खणात ठेवले.

त्या दिवशी ती संध्याकाळपर्यंत खिडकीत बसून होती. तिने घेतलेल्या छायाचित्रात मेंदीची हिरवी पाने आहेत, पानांवर पावसाचे थेंब आहेत आणि त्यांच्या गर्दीत, नीट निरखून पाहिले तर, शेपटीखालचा एक तांबडा ठिपका दिसतो. तिने त्यावर तारीख घातली आणि ते आषाढाच्या पाकिटात ठेवून दिले.